वगळलेला एक शब्द

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतणीचें लग्न ठरलें, आणि निमंत्रणपत्रिकेवरून घरांत दोन तट पडले. मराठी पत्रिकेविषयीं कोणाचें कांहीं म्हणणें नव्हतें; कुलस्वामिनीपासून आरंभ करून ती ठरल्या वाटेनें आप्तेष्टांच्या नांवांपर्यंत गेली. खटका उडाला तो इंग्रजी पत्रिकेवर. वराकडील मंडळी बंगळुरास स्थायिक झालेली, तेव्हां त्यांच्या स्नेह्यांसाठीं शंभर प्रती इंग्रजींत हव्या होत्या. छापखान्याकडून नमुना आला, त्यांत 'यू आर काइंडली रिक्वेस्टेड टू अव्हॉइड प्रेझेंट्स' असें एक वाक्य होतें. आमची नात नववींत आहे. तिनें तो नमुना वाचला आणि विचारलें, "आजोबा, ह्यांत 'काइंडली' कोणाचें? विनंती करणारे आपणच. मग आपणच आपल्याला दयाळू म्हणवून घ्यायचें कीं काय?"

मुलीची शंका रास्त होती. मराठींत 'कृपया' म्हटलें कीं ती कृपा समोरच्याची, हें लहान मुलासहि कळतें. इंग्रजींत मात्र शब्द ज्याच्या शेजारीं बसला त्याचा होऊन जातो. 'काइंडली' हें क्रियाविशेषण 'रिक्वेस्टेड' ह्या धातुसाधिताला खेटून बसलें, म्हणून दया विनंती करणाराच्या पदरांत पडली. वहिवाटीनें हें वाक्य आतां इतकें रुळलें आहे कीं त्यास चूक म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पत्रिकेंतून तें काढून टाकलें आणि वाद मिटविला. परंतु नातीची शंका आमच्या डोक्यांतून गेली नाहीं, त्याचें कारण पुढें येईलच.

आधीं एक क्रियाविशेषण, मग भूतकालवाचक धातुसाधित, आणि त्यामागून 'टू' घेऊन येणारें तुमन्त रूप, अशी ही त्रिकुटाची रचना इंग्रजींत जागोजाग भेटते. लग्नांत 'कॉर्डिअली इन्व्हायटेड टू', कचेरींत 'हिअरबाय डायरेक्टेड टू', वैद्याकडे 'स्ट्राँगली अ‍ॅडव्हाइज्ड टू', आणि वर्तमानपत्रांत 'वाइडली बिलीव्ड टू'. हिचा मोठा गुण, किंवा आमच्या मतें मोठा अवगुण, हा कीं करणारा माणूस तींतून सहज नाहींसा होतो. 'ही इज सेड टू हॅव गॉन' म्हणजे तो गेला असें म्हणतात. कोण म्हणतात? तें वाक्याला विचारूं नये. 'पीपल से दॅट ही हॅज गॉन' असें उघड म्हणतां येतें. पण 'पीपल से हिम टू हॅव गॉन' असें म्हणूं गेल्यास इंग्रजी कान तें घेत नाहीं. 'से' ह्या क्रियापदाला हा वेष पाहिजे असेल तर कर्मणि प्रयोगच धरावा लागतो, म्हणजे बोलणाराला पडद्याआड पाठवावें लागतें. 'रूमर्ड' ह्या शब्दाची तर आणखी गंमत. अफवा उठविणारे जगांत पुष्कळ आहेत, पण आजच्या इंग्रजींत 'ही इज रूमर्ड टू' हेंच काय तें चालतें. अफवा उठविणाराला कर्ता करून वाक्य लिहिण्याची चाल उरलेली नाहीं. सक्तीचीहि तीच गत. 'दे मेड हिम साइन' ह्यांत 'टू' नाहीं. सही करविणारे 'दे' वाक्यांतून निघून गेले कीं 'ही वॉज मेड टू साइन' होतें, आणि गेलेल्या माणसांच्या जागीं जणूं हा 'टू' येऊन बसतो.

आमच्या मराठीनें हें सारें काम एका लहानशा 'म्हणे' वर भागविलें आहे. 'तो म्हणे काल आला' असें म्हटलें कीं बातमी ऐकीव आहे हें कळलें, आणि सांगणाराचा तिजवर फारसा भरंवसा नाहीं हेंहि कळलें. इंग्रजी रचनेंत तो भरंवशाचा अंश मधल्या धातुसाधितावर अवलंबून असतो. 'नोन टू हॅव' म्हटलें तर गोष्ट खरी धरली. 'बिलीव्ड टू हॅव' म्हटलें तर लोकांची समजूत. 'अलेज्ड टू हॅव' म्हटलें तर नुसता आरोप, सिद्ध कांहींच नाहीं. बाकीचें वाक्य अक्षरशः तेंच राहतें. म्हणून मधला शब्द ज्याला कळला नाहीं, त्याला वाक्य कळलेंच नाहीं.

हें आम्हीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. १९६२ सालीं आम्ही वाईस राहत होतों, वय चौदा, इंग्रजीचें दुसरेंच वर्ष. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून घोकून घरांत 'इंग्रजीवाला' ही पदवी आम्हांस मिळालेली होती व तिचा आम्हांस गर्वहि होता. थोरले काका साताऱ्यास एका कचेरींत रोखपाल होते. आमच्या आत्याच्या आजारपणामुळें ते रजा काढून पुण्यास गेले असतां त्यांच्या नांवचें एक रजिस्टर पत्र घरच्या पत्त्यावर आलें. पोस्टमन ओळखीचा, त्यानें तें आजीच्या हातीं दिलें. सरकारी लखोटा पाहून आजीच्या पोटांत गोळा उठला. आत्याचें कांहीं बरेंवाईट तर नसेल ना, म्हणून तिनें तो फोडविला आणि आम्हांस पुढें बसवून म्हटलें, "वाच, आणि मराठींत सांग."

पत्रांतील मुख्य वाक्य आम्हांस अजून पाठ आहे. 'यू आर अलेज्ड टू हॅव डेलिबरेटली विथहेल्ड एटीन रिसीट्स.' त्याखालीं 'यू आर हिअरबाय डायरेक्टेड टू' सात दिवसांत जबाब देण्याविषयींचा मजकूर. घरांतल्या छोट्या कोशांत आम्हीं 'डेलिबरेटली' पाहिला, 'विथहोल्ड' शोधून काढला, 'रिसीट्स' माहीतच होता. 'अलेज्ड' कांहीं हातीं लागेना. 'हॅव' पुढें धातुसाधित आलें कीं पूर्ण काळ, एवढा नियम पक्का होता, तेव्हां हा शब्द किरकोळ साहाय्यक असावा असें ठरवून आम्हीं तो वगळला. आजीला सांगितलें, "काकांनीं अठरा पावत्या मुद्दाम दडवून ठेवल्या. सात दिवसांत जबाब मागितला आहे."

आजी कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती सोनाराकडे जाऊन आली. संध्याकाळीं ती दिव्याला तेल घालीत असतांना तिच्या हातांत नुसत्या बांगड्या आहेत, पाटल्या नाहींत, हें आमच्या धाकट्या बहिणीनें प्रथम पाहिलें.

तिसऱ्या दिवशीं काका आले. आजीनें देवघरांतून नोटांचें पुडकें आणून त्यांच्यापुढें ठेवलें आणि म्हणाली, "ज्याचें असेल त्याचें देऊन टाक. मी कांहीं विचारणार नाहीं." काकांनीं पत्र उभ्यानेंच वाचलें. मग तें पुडकें उचलून पुन्हां देवापुढें ठेवलें, आणि आम्हांला माडीवर बोलाविलें.

त्यांनीं खिशांतून पेन्सिल काढून 'अलेज्ड' खालीं रेघ ओढली. "ह्याचें काय सांगितलेंस?"

"कळला नाहीं, म्हणून सोडला."

"अरे बाळ, सगळें पत्र ह्या एका शब्दावर उभें आहे." त्यांनीं अर्थ सांगितला. मग हाच 'डेलिबरेटली' शब्द 'अलेज्ड' च्या आधीं बसविला तर मुद्दामपणा आरोप करणाराकडे कसा जातो, हेंहि दाखविलें, आणि दाखवितांना किंचित् हंसले. त्या दिवशीं घरांत ते एवढेंच हंसले. जेवावयास मात्र बसले नाहींत.

आम्ही रडूं लागलों व आजीला खरें सांगतों म्हणून उठलों. काकांनीं मनगट धरलें. "नको. आतां सांगशील तर आपण मुलावर उगाच संशय घेतला, हें तिला जन्मभर लागेल. त्यापेक्षां कचेरीनें खोटें लिहिलें असेंच तिला वाटूं दे."

महिन्याभरांत त्या पावत्या भलत्याच गठ्ठ्यांत सांपडल्या. प्रकरण मिटल्याचें चार ओळींचें पत्र आलें. त्यांत दिलगिरीचा शब्द नव्हता, आणि कोणाच्या हातून घोटाळा झाला त्याचा कर्ताहि नव्हता. पाटल्या सुटून आल्या. आजी १९७१ त गेली. तोंवर काकांच्या कचेरीचा विषय निघाला कीं, "मेल्यांनीं माझ्या मुलाला चोर म्हटलें," असें ती म्हणे, आणि आम्ही तेथून उठून जात असूं. १९८९ त काकाहि गेले. त्यांनीं हा विषय आमच्याजवळ पुन्हां कधीं काढला नाहीं.

लग्नाची गडबड संपल्यावर आम्हीं जुनी ट्रंक उघडून तें पत्र नातीला दाखविलें. पेन्सिलीची रेघ पुसट झाली आहे, पण दिसते. तिनें वाक्य दोनदां वाचलें, आणि विचारलें, "मग तुम्ही त्यांना कधींच सांगितलें नाहींत?"

"नाहीं."

तिनें कागद उलटला. मागें आजीच्या हातचें बाळबोध लिहिणें आहे: पाटल्यांचें वजन, सोनाराचें व्याज, आणि सोडविल्याची तिथि.