मेलेल्यांचा ठराव

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२७ साली संशोधनासाठी बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ आणि ते त्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या भागांतल्या फरकावरून कळतं, असं फिशरांचं म्हणणं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असं काही आढळत नाही, हे प्रबंधात सरळ लिहिलं. गुरूपुढे एवढं धाडस! आपण हे अभिमानानं सांगतो. पण त्यांतल्या काही कवट्या जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतीतून आणलेल्या होत्या. निष्कर्ष प्रामाणिक निघाला, म्हणून त्या माणसांना घरी पोचवायला कुणी निघालं नाही.

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या बाजूला माडिया आदिवासींच्या गावांबाहेर मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड दिसतात. त्यांवर अक्षर नसतं. कुठला कुणाचा, ते गाव जाणतं. संग्रहालयात ठेवलेल्या हाडांचं नेमकं उलटं: पाटीवर जमात, मुलूख, सन असं सगळं, फक्त माणूस नाही.

नागपूरजवळ माहुरझरीच्या शिळावर्तुळांतूनही सांगाडे निघाले. ते अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांचा अभ्यास व्हावा, याला माझी हरकत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या माणसाचे वारस हयात असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडात एक नागा कवटी लिलावाला निघाली होती. नागालँडातून ओरड झाली, तेव्हा कुठे ती यादीतून काढली. ओरडायला आवाज नसता तर?

अशा अवशेषांचं काय करायचं हे विचारायचं कुणाला, ही अडचण नेहमी पुढे केली जाते. गडचिरोली जिल्ह्यात तरी ती सांगू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे बांबूला हात लावायचा तर ग्रामसभेत बसून बोलावं लागतं. बांबूसाठी गाव लागतं, मग आजोबाच्या हाडांसाठी का नको?

संग्रहालयांनी आपल्याकडच्या मानवी अवशेषांच्या याद्या आधी उघड कराव्यात. जिथे गाव ठाऊक आहे तिथल्या ग्रामसभेला, गोंडी-माडियात, काय आहे ते सांगावं. ‘अशानं शास्त्र बुडेल’ म्हणणाऱ्यांनी गावाला आधीच अडाणी ठरवलेलं असतं. ग्रामसभा ‘परत द्या’ म्हणेल, ‘ठेवा, पण काचेत मांडू नका’ म्हणेल, किंवा चार बैठका भांडत बसेल. भांडू द्यावं. तोवर कपाटाला कुलूप लावून ठेवायला कुणाची ना नाही.