मोटारीचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवताना माणूस काय टाकतो आणि काय बरोबर नेतो, यावरून त्याचा स्वभाव ओळखावा. कुणी पाटावरवंटा उचलतो, कुणी तुळशीचे वृंदावन. आणि कुणी भिंतीतले खिळेदेखील उपटून पुडीत बांधून घेतो. माझ्या मुलाने मोटार नेली. तीही डहाणूहून पालघरला नव्हे, तर अमेरिकेतल्या ओहायोतून जर्मनीतल्या स्टुटगार्टला!

"अरे, विकून टाक ती," मी फोनवर म्हणालो. "स्टुटगार्ट म्हणजे मोटारींचं माहेरघर. तिथे काय मोटारींचा दुष्काळ पडलाय?"

"बाबा, छकुलीला आपण इस्पितळातून याच गाडीतून घरी आणली," एवढेच तो म्हणाला. यावर कोणता हिशेब मांडणार? बाल्टिमोरच्या बंदरात गाडी जहाजावर चढली आणि ब्रेमरहाफेनला उतरली. जकात पडली नाही. बाहेर बारा महिने राहून आलेल्या माणसाने सहा महिने वापरलेली आपली गाडी बिऱ्हाडाबरोबर आणली, तर युरोपात ती माफ असते. मात्र पुढे बारा महिने ती विकायची नाही. विकायची कुणाला होती?

आम्हा डहाणूकरांना हद्दीचे कौतुक नाही. तलासरी ओलांडली की गुजरात. उंबरगावचा माणूस 'जीजे १५'ची गाडी घेऊन आमच्याकडे राहायला आला आणि बारा महिन्यांहून अधिक राहिला, की त्याने जुन्या कचेरीचा ना-हरकत दाखला आणून 'एमएच ४८'चा नंबर घ्यावा, असा १९८८चा कायदा आहे. पण तिथे बदलते ती नुसती पाटी. स्टुटगार्टलाही असेच काहीतरी असेल, अशी माझी समजूत होती. पुढे मी आणि सौभाग्यवती दोन महिने मुलाकडे राहायला गेलो, तेव्हा गाडी एका तुर्की मिस्त्र्याच्या गॅरेजमध्ये डोळे काढून उभी होती. डोळे म्हणजे पुढचे दिवे.

पहिला तंटा पाटीचाच. अमेरिकेची पाटी बारा इंच लांब, सहा इंच उंच. जर्मनीची ५२० मिलिमीटर लांब आणि ११० उंच. चौकोनी चेहऱ्यावर लांबोडा टिळा लावावा तसे ते दिसत होते. पण पाटी सोपी. खरी शिकवणी दिव्यांची.

अमेरिकेत मागचा वळणाचा दिवा लाल असला तरी चालतो. ब्रेकचा आणि वळणाचा इशारा एकाच लाल दिव्याने देणाऱ्या गाड्या तिथे पुष्कळ. युरोपात वळणाचा दिवा नारिंगीच हवा. गाडी थांबते आहे की वळते आहे, हे मागच्याला रंगावरून कळले पाहिजे. अमेरिकेत पुढच्या कोपऱ्यांत नारिंगी दिवे रात्रभर तेवत राहतात; युरोपात त्या जागी पांढरे लागतात, कारण नारिंगी म्हणजे "मी वळतो". धुक्यासाठी मागे एक जास्त लाल दिवा हवा, तो मध्यभागी किंवा चालकाच्या बाजूला. अमेरिकेच्या गाड्यांना त्याची सक्ती नाही. आणि मोठ्या दिव्यांचा खालचा झोत! अमेरिकन झोत थोडा ऐसपैस. युरोपातला वरच्या कडेला सुरीने कापल्यासारखा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपू नयेत. मात्र उजवीकडे जरा चढता, म्हणजे कडेने चालणारा दिसावा.

एवढा फरक का, हे मुलाने समजावले. १९५८ साली जिनीव्हात संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली एक करार झाला आणि त्यातून दिव्यांपासून ब्रेकपर्यंत सामाईक नियम आले. मान्य झालेल्या दिव्याच्या काचेवर वर्तुळात 'ई' हे अक्षर असते आणि शेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा, जर्मनीचा १. अमेरिका या करारात शिरली नाही. तिने १९६६ साली स्वतःचा कायदा केला. तिथे कारखानदार स्वतःच ग्वाही देतो की माल नियमाबरहुकूम आहे. इकडे विक्रीआधी सरकारची मान्यता लागते. दोघांचाही हेतू माणसे वाचवण्याचा. भाषा मात्र दोन.

हा भाषा शब्द मला मिस्त्र्यामुळे सुचला. तपासणीत गाडीचे ब्रेक पाहिले, धुराचे आणि आवाजाचे कागद पाहिले. त्यांपैकी कशालाच हात लावावा लागला नाही. बदलले ते सारे दिवेच. मी मुलाकरवी मिस्त्र्याला विचारले, "हे सगळं दिव्यांचंच का?" तो हसला. म्हणाला, "आजोबा, दिवा काही चालकासाठी नसतो. तो दुसऱ्याशी बोलतो." मनात आले, आपण तरी दिवाळीत पणत्या उंबऱ्याबाहेरच का लावतो?

त्या दिवसांत घरात दुसरीच काळजी होती. चार वर्षांची छकुली बालवाडीत तीन महिने एक अक्षर बोलली नव्हती. घरी मराठी, अमेरिकेतल्या शेजारी इंग्रजी, आणि आता ही तिसरी. सूनबाईने एका रात्री डोळे पुसत निश्चय सांगितला, "उद्यापासून घरात मराठी बंद. आम्ही दोघंही मोडकंतोडकं जर्मनच बोलणार." सौभाग्यवती गप्प बसली. नातीशी बोलायला तिच्याजवळ दुसरी कोणती भाषा होती?

बालवाडीच्या बाईंना भेटायला सगळेच गेलो. बाईंनी सूनबाईचे ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, "तसं करू नका. घरात तुमचीच भाषा बोला, भरपूर बोला. जर्मन आमच्याकडे सोपवा." परतताना ट्राममध्ये मुलगा आपल्या बायकोला म्हणाला, "दिवे इथले लावू. इंजिन राहू दे." त्या रात्री सौभाग्यवतीने छकुलीला चिमणीकावळ्याची गोष्ट दोनदा सांगितली.

गाडी पास झाली त्या रविवारी आम्ही फिरायला निघालो. चौकात नव्या नारिंगी दिव्याची टिकटिक सुरू झाली. मागच्या आसनावर माझ्या शेजारी बसलेली छकुली एकदम म्हणाली, "लिंक्स!" पुढे मुलगा आणि सूनबाई दोघेही थिजले. माझा गोंधळलेला चेहरा पाहून तिने मोठ्या माणसाच्या धीराने खुलासा केला, "आजोबा, लिंक्स म्हणजे डावीकडे." माझी पहिली जर्मन शिकवणी तिने मराठीतून घेतली.

डहाणूला परतल्यावर मी सहज चौकशी केली: ही गाडी कधी इकडे आणता येईल का? वापरलेली गाडी परदेशातून आणायची, तर ती तीन वर्षांहून जुनी नको. सुकाणू उजवीकडे हवे, वेगाचा काटा किलोमीटरचा हवा, आणि दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. म्हणजे ती येणार नाही. दिवे बदलता येतात, वय बदलता येत नाही. माणसांना असला नियम नाही, हे आपले भाग्य. झाडांनाही नाही. आमचा चिकूच पाहा. मूळचा मेक्सिकोकडचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोलवडच्या जमिनीत रुजला आणि २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून सरकारदरबारी नाव लावून बसला. गोडी त्याने आपली आपल्याजवळच ठेवली.

नाताळच्या सुट्टीत छकुली येणार आहे. पारनाक्याच्या समुद्रावर तिला रिक्षातून न्यायचे मी ठरवले आहे. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालतात, असे ती विचारीलच. उत्तर मला तिच्याच भाषेत येते: लिंक्स.