अंगावरचं आणि वरचं

माझी लेक आठव्या महिन्यात झाली. ती पेटीत, मला दूध पुरेसं येईना, म्हणून डॉक्टरांनीच पावडरचं दूध सुरू केलं. मुलगा मात्र पुऱ्या दिवसांचा. दोन वर्षांचा होईपर्यंत अंगावर प्यायला. घरात तेव्हाच ठरून गेलं, की वरच्या दुधाची ही पुढे सुटणार आणि हा काटक राहणार. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी विचारायची, ‘अंगावर पितंय ना?’ लेकीच्या वेळी त्या प्रश्नाने माझ्या पोटात खड्डा पडायचा.

झालं उलटंच. शाळेच्या तपासणीत मुलाचं वजन जास्त निघालं. लेक सडपातळ. सासूबाई चकित होऊन म्हणाल्या, “अगं, हा तर तुझ्या अंगावर वाढला!”

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मला बेलारूसमधला अभ्यास समजावून सांगितला. १९९६-९७ मध्ये तिथल्या ३१ रुग्णालयांमधली १७ हजारांहून अधिक आई-बाळं त्यात होती. निम्म्या ठिकाणी स्तनपानासाठी आयांना खास मदत दिली, निम्म्या ठिकाणी नेहमीसारखंच चाललं. मदत मिळालेल्या आयांनी जास्त काळ पाजलं, त्यांच्या बाळांना पहिल्या वर्षी जुलाबही कमी झाले. पण मुलं साडेअकरा वर्षांची झाली तेव्हा लठ्ठपणात घट दिसली नाही. आधीच्या कितीतरी पाहण्यांत अंगावर प्यायलेली मुलं बारीक दिसली होती. पण पाजणाऱ्या आणि न पाजणाऱ्या घरांत शिक्षण, पैसा, खाणंपिणं सगळंच वेगळं असतं. तो फरक एकट्या दुधाच्या नावावर कसा टाकायचा?

आईच्या दुधाचं मोल यानं तसूभरही कमी होत नाही. बाळाला आजारांपासून जपणं हे कारणच पाजायला पुरेसं आहे. मुलाच्या वजनाची कारणं मात्र आम्हाला आजच्या दिवसातच सापडली: टीव्हीसमोरचं जेवण, रोजचा बिस्किटपुडा, शिकवणीपायी बुडालेला खेळ.

नणंदेला जुळी झाली आहेत. एकटीच्या दुधावर भागत नाही, म्हणून वरचंही द्यावं लागतं. ‘पावडरची मुलं फुगतात’ असं कुणीतरी म्हणालं आणि ती फोनवर रडायला लागली. मी तिला बेलारूसचं सगळं सांगितलं. वर एवढंच म्हटलं, “बाळानं तोंड फिरवलं की थांब. वाटीत उरलेलं त्याच्या पोटात घालायचा हट्ट करू नकोस. आणि कुणी काही विचारलं, तर फोन माझ्याकडे दे.”