सेल खाली, सेल वर

ऐंशी-नव्वदच्या दशकात कॅमेरा घेऊन विमानाने निघालेल्या माणसाला खरी काळजी असायची ती रोलची. छत्तीस फोटोंचा रोल, तोही हात राखून वापरलेला. तपासणीच्या एक्स-रेमध्ये धुरकटला तर सगळी सहल पाण्यात! १०० एएसएच्या रोलला सहसा काही होत नसे. पण ४००च्या वरचा, वेगवान रोल असला की आम्ही तो डबीतून काढून पोलिसापुढे धरायचो, ‘साहेब, हा हातानंच बघा ना.’ काही हौशी मंडळी तर शिशाचं अस्तर लावलेली खास पिशवी बाळगत.

बॅटरीला मात्र फारसं कोणी विचारत नसे. पेंटॅक्स के-१००० किंवा निकॉन एफएम-२ मध्ये शर्टाच्या गुंडीएवढा सेल असे, तोही फक्त लाइटमीटरपुरता. तो बसला तरी शटर चालू! उन्हाचा अंदाज घ्यायचा, रिंग फिरवायची आणि खटका दाबायचा. फ्लॅशगनला तेवढे चार पेन्सिल सेल लागत, नि गोची व्हायची ती त्यांचीच. १९८८मध्ये लॉकरबीवर पॅन-अ‍ॅमचं विमान पडलं, ते रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये दडवलेल्या बॉम्बमुळे. असल्या घातपातांच्या काळात सेलवर चालणारी प्रत्येक वस्तू संशयित ठरली. श्रीनगर, लेहसारख्या विमानतळांवर तर ‘सेल निकालो’ हे ठरलेलंच. टॉर्च उलटी करून सेल काढायचे, ते खाली जाणाऱ्या सुटकेसमध्ये टाकायचे आणि रिकामा कॅमेरा गळ्यात अडकवून विमानात बसायचं.

आज सगळं उलटं झालंय. फोटो मेमरी कार्डात असतात, त्याला एक्स-रेची भीती नाही. पण मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी संपली की हातात उरतो नुसता ठोकळा. लेहच्या थंडीत ती भराभर उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या हव्याच. या जादा बॅटऱ्या आता सुटकेसमध्ये चालत नाहीत, हँडबॅगेतच लागतात. पूर्वी रोल वर नि सेल खाली. आता कार्ड कुठेही ठेवा, बॅटरी मात्र वरच!

कारण लिथियम-आयन. आत शॉर्ट झालं तर ही बॅटरी स्वतःच तापत जाते आणि शेजारचीलाही पेटवते. सामानाच्या कप्प्यातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण बॅटरीचं आतून तापणं त्याला थांबवता येत नाही. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून कार्गो म्हणून पाठवायला २०१६पासून बंदी आहे, तीही याच धास्तीने.

तेव्हाचा नियम माणसावर संशय घ्यायचा, आजचा बॅटरीवर घेतो. मला आजचाच पटतो. शिवाय तो जाचकही नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची, आणि ७.२ व्होल्टची, १८६५ एमएएचची कॅमेऱ्याची बॅटरी भरते जेमतेम साडेतेरा. शूटिंगच्या मोठ्या बॅटऱ्या १०० ते १६० वॉट-तासांच्या असतील, तर विमान कंपनीची परवानगी काढून दोनच नेता येतात.

तेव्हा निघण्यापूर्वी एवढं करा: बॅटरीच्या धातूच्या टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि फुगलेली बॅटरी घरीच राहू द्या. आणि गेटवर हँडबॅग खाली टाकायची वेळ आलीच, तर बॅटऱ्या आधी काढून खिशात घ्या.