आप्पांची काच आणि माझा हिरवा दिवा



इथे बहुतेकजण राजवाड्याच्या, सराफ्यातल्या रात्रींच्या, रामबागेतल्या वाड्यांच्या आठवणी लिहितात आणि मी त्या आवडीने वाचतो. माझी आठवण तशी नाही. ती एका सर्व्हरची आहे. पण तिच्यात आमचे आप्पा आहेत, आणि आपल्या घरातली म्हातारी माणसं जिथे पेन्शनचे पैसे ठेवतात तशी एक पतसंस्था आहे, म्हणून लिहायला बसलो.

आप्पा गिरणीत बॉयलरवर होते. आम्ही मालवा मिलच्या बाजूला राहायचो, भोंग्यावर घड्याळ लावायचो. मी सात-आठ वर्षांचा असताना डबा घेऊन जायचो तेव्हा आप्पा एक काम करताना हमखास दिसायचे. बॉयलरच्या तोंडावर काचेच्या दोन उभ्या नळ्या. आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसायचं. आप्पा पाळीवर आले की आधी नुसते बघायचे नाहीत. वरचा वाफेचा कॉक, खालचा पाण्याचा कॉक आणि तळाचा ड्रेन, हे एका ठरलेल्या क्रमाने उघडायचे, बंद करायचे. फुस्सकन वाफ यायची, मग उकळतं पाणी. ड्रेन बंद केला की पाणी झटकन वर चढून आपल्या जागी थांबायचं. मगच आप्पा वहीत लिहायचे.

मी विचारलं होतं, पाणी दिसतंय ना काचेत, मग हे कशाला?

"काचेत दिसतंय ते काचेतलं पाणी. बॉयलरमधलं आहे की नाही ते विचारून राहिलो मी."

क्षार साचून कॉकची वाट बुजली तर काचेत अडकलेलं पाणी तसंच उभं राहतं. काच अर्धी भरलेली दिसते आणि आत पाणी उतरत जातं. भट्टीच्या नळकांड्यावरचं पाणी उतरलं की लोखंड लाल होऊन पिचकतं, आणि मग बॉयलर फुटतो. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आप्पा घरी बसले, तेव्हा कधीतरी सांगितलं.

मी कॉम्प्युटरच्या लाइनीत गेलो. 2018 मध्ये पतसंस्थेने नवा सर्व्हर घेतला, तो मी बसवून दिला. कमिटीतले सगळे ओळखीचे, पैसे घ्यायची लाज वाटली, तेव्हा घराचंच काम म्हणून केलं. (घराचं काम म्हटलं की माणूस निष्काळजी होतो, हे खरं आहे. गिऱ्हाइकाकडे मी असं केलं नसतं.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आजकाल एकाच सर्व्हरमध्ये तीन-चार सर्व्हर राहतात. मशीन एक, आणि आत खोट्या भिंती घालून केलेल्या व्हर्च्युअल मशीन. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं. प्रत्येकाला आपलं दार आहे, पण छप्पर आणि विहीर एकच. आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं होती: एकात हिशेबाचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यात फायली, तिसऱ्यात सभासदांच्या जुन्या मोडी-देवनागरी रजिस्टरांचे स्कॅन. वाड्याचा मालक म्हणजे ईएसएक्सआय, 6.5 आवृत्ती. विहीर म्हणजे 600 जीबीच्या चार डिस्क, रेड-5 मध्ये बांधलेल्या. रेड-5 मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालतं, बाकीच्या तिघी तिचा हिशेब मांडून दाखवतात. दुसरी गेली की सगळंच गेलं.

2021 च्या दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे मशीनची पूजा केली. सर्व्हरला झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढे. गिरणीत बॉयलरलाही असाच हार पडायचा. खोली झाडणाऱ्या मावशी पेढा घेताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भैया, इसमें एक बत्ती पीली जलती है, बहुत दिन से." आणि माळेच्या मागे बोट दाखवलं. मी पुढ्यातल्या लॅपटॉपवर मॉनिटरचं पान उघडलं. पंखे हिरवे. तापमान हिरवं. दोन्ही पॉवर सप्लाय हिरवे. मी म्हणालो, "सब ठीक है, मौसी." त्यांनी मान हलवली आणि झाडू घेऊन गेल्या.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेली होती, क्लार्कचा फोन आला. पासबुकं छापायला फार वेळ लागून राहिला आहे, रांग जिन्यापर्यंत गेली. मी संध्याकाळी गेलो. पान पुन्हा हिरवंगार. मी रीस्टार्टच्या बटणापर्यंत पोचलो होतो. आमच्या धंद्यात निम्मी दुखणी रीस्टार्टने बरी होतात. पण कॅशियर अजून तिजोरी मिळवत होते, त्यांना थांबवायचं जिवावर आलं, आणि उद्या बघू म्हणून घरी आलो.

जेवताना आप्पांनी विचारलं, उशीर का. तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे होते, एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं ओरडून आणि सोपं करून सांगावं लागतं. सांगितलं, मशीन हळू चालतंय, पण आतलं सगळं हिरवं दाखवतंय.

आप्पांनी घास थांबवला. "हिरवं म्हणजे बरं आहे, की त्याला काही दिसतच नाही?"

मी काही बोललो नाही. पण भात संपायच्या आत माझ्या डोक्यात ते पान उभं राहिलं. पंखे, तापमान, वीज. डिस्क कुठे होत्या? सगळ्या ओळी हिरव्या होत्या, पण त्यात डिस्कची एकही ओळ नव्हती. आणि मी ते पान साडेतीन वर्षं बघत होतो.

सकाळी आठला जाऊन कुलूप उघडलं. पहिलं त्या पानावर "स्टोरेज सेन्सर्स" असा वेगळा भाग असतो तो उघडला. कोरा. मग आत शिरून बघितलं तर डब्ल्यूबीईएम नावाची सेवा, जी असल्या खबरी गोळा करते, ती बंद. बसवल्या दिवसापासून बंद. 6.5 मध्ये ती मुळातच बंद येते. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचा सीआयएम प्रोव्हायडर म्हणून जो छोटा प्रोग्राम असतो तो घातला की ती चालू होते. कंपनी आपल्या मशीनसाठी हे सगळं घातलेली इन्स्टॉलेशनची प्रत वेगळी देते. मी 2018 मध्ये साधी प्रत टाकली होती, कारण ती माझ्या पेन ड्राइव्हवर आधीपासून होती. एवढंच कारण. पंखे आणि तापमान बोर्डावरच्या चिपमधून परस्पर येतं, त्यामुळे ते दिसत राहिलं. रेड कार्डाच्या मागे बसलेल्या डिस्क त्या वाटेने दिसतच नाहीत. काच भरलेली, कॉक बुजलेला.

प्रोव्हायडर घालायचा तर बहुतेक वेळा मशीन रीस्टार्ट करावं लागतं. आणि आता रीस्टार्टची मला भीती वाटायला लागली होती. दुखणाईत डिस्क थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही.

दुसरी वाट होती. या सर्व्हरांच्या बोर्डावर एक वेगळा इवलासा कॉम्प्युटर असतो. मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा असतो, त्याचं नेटवर्कचं भोक वेगळं. ते भोक रिकामं होतं. 2018 मध्ये स्विचवर जागा नव्हती, नंतर लावू म्हटलं होतं. प्रिंटरची केबल काढून त्यात घातली. पासवर्ड मशीनच्या पुढच्या बाजूला आत सरकवलेल्या पट्टीवर छापलेला होता, तो मोबाइलच्या उजेडात वाचला.

पान उघडलं. डिस्क 2, निकामी. तारीख सप्टेंबरची. डिस्क 3, निकामी होण्याची शक्यता.

म्हणजे दसऱ्याला मी हार घातला तेव्हा एक डिस्क महिनाभर आधीच मेलेली होती, आणि आता दुसरी धापा टाकत होती. पासबुकं हळू का छापत होती तेही कळलं. मेलेल्या डिस्कवरचं काही वाचायचं झालं की उरलेल्या तिघी तिचा हिशेब मांडत होत्या.

आता तुम्ही म्हणाल, बॅकअप होता ना? रोज रात्री व्हायचा. हिशेबाच्या बिऱ्हाडातून फायलींच्या बिऱ्हाडात. म्हणजे त्याच चार डिस्कवर. बाहेरची प्रत क्लार्क दर शनिवारी घरी न्यायचा, ते लॉकडाउनमध्ये बंद पडलं ते पडलंच. शेवटची बाहेरची प्रत मार्च 2020 ची होती. तेव्हापासूनच्या सगळ्या ठेवी, सगळे व्याजाचे हप्ते, त्या धापा टाकणाऱ्या डिस्कच्या भरवशावर. त्यात माझ्या आत्याची मुदत ठेव होती. खुर्चीत बसलो तर गुडघे खरंच थरथरत होते.

नवी डिस्क लगेच घालावी असं वाटतं, पण तसं करायचं नाही. नवी डिस्क घातली की रेड ती भरायला लागतो, त्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि आजारी डिस्क नेमकी त्या श्रमात मरते. आधी प्रत, मग डिस्क. संध्याकाळी सहाला काउंटर बंद झाल्यावर तिन्ही बिऱ्हाडं थांबवली आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवायला सुरुवात केली. हिशेब पहिला. अर्ध्या तासात तो बाहेर आला तेव्हा मी पहिल्यांदा पाणी प्यायलो. बाकीचं उतरायला रात्रीचे पावणेबारा झाले. प्रती माझ्या लॅपटॉपवर उघडून, कालच्या तारखेचं एक पासबुक काढून पाहिलं, मगच उठलो.

दुसऱ्या दिवशी जेल रोडवरच्या ओळखीच्या दुकानदाराने दोन डिस्क मिळवून दिल्या. इथे एक खोड सांगून ठेवतो, कोणाला तरी उपयोगी पडेल. आमच्या मशीनमध्ये डिस्कची मोजणी शून्यापासून असते. डिस्क 2 म्हणजे डावीकडून तिसरी. घाईत दुसरी ओढली असती तर चांगली डिस्क हातात आली असती आणि खेळ तिथेच संपला असता. मी हात लावण्याआधी मावशींना बोलावलं. "मौसी, कौन सी?" त्यांनी बोट ठेवलं. तिसरी. पिवळा दिवा तिथेच होता. "मैंने तो दशहरे पे बोला था," एवढंच म्हणाल्या.

रात्रभर रेड भरत राहिला. आजारी डिस्कने साथ दिली, का ते तीच जाणे. सकाळी तीही बदलली. पुढच्या रविवारी प्रोव्हायडर घातला, मशीन रीस्टार्ट केलं, आणि त्या पानावर पहिल्यांदा चार डिस्क आणि रेड कार्डाची बॅटरी अशा ओळी उगवल्या. तरी वर एक पिवळा इशारा चिकटून होता. सगळं धुंडाळलं तेव्हा कळलं की तो जुन्या नोंदवहीतला आहे. मशीन आपल्या घटना एका लॉगमध्ये लिहून ठेवतं, तो रिकामा करेपर्यंत जुनं दुखणं दाखवत राहतं. लॉग उतरवून ठेवला, मग पुसला.

सचिवकाकांना सांगायचं राहिलं होतं. ते बँकेतून निवृत्त झालेले, चष्म्यावरून बघतात.

"पैसे गेले का?"

"नाही काका."

"जाऊ शकले असते?"

"हो."

"चूक कोणाची?"

"माझी."

त्यांनी कमिटीच्या सभेचं वृत्त लिहायची वही माझ्यापुढे सरकवली. "मग तूच लिही. तुझ्या अक्षरात." मी पान भरून लिहिलं. साध्या प्रतीचं, रिकाम्या भोकाचं, आणि मावशींनी दसऱ्याला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, तेही. काकांनी खाली सही केली आणि बाहेरची प्रत लॉकरमध्ये ठेवायचा ठराव त्याच पानावर घातला.

घरी आप्पांना सांगितलं की आता डिस्कही दिसतात. त्यांचा प्रश्न तयारच होता. "आज दिसून राहिल्या. उद्या दिसत नसतील तर कळेल कसं?"

तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला काउंटर बंद झाल्यावर मी दोनपैकी एका पॉवर सप्लायची केबल मुद्दाम ओढतो. मशीन दुसऱ्यावर चालतं. पान लाल व्हायला पाहिजे, माझ्या आणि क्लार्कच्या फोनवर मेल यायला पाहिजे, मावशींना पुढचा दिवा पिवळा दिसायला पाहिजे. तिन्ही झालं की केबल परत आणि वहीत सही. डिस्क अशी ओढून बघायची नाही. तिची ओळ मी डोळ्यांनी मोजतो, चार आहेत ना. दुसऱ्याच महिन्यात मेल आला नव्हता. कोणीतरी मेलचा पासवर्ड बदलला होता. पान मात्र लाल झालं होतं, पण पान बघायला तिथे रोज कोण बसतंय?

आप्पा आता थकलेत, तारखा विसरतात, पण एक तारीख विसरत नाहीत. मी चप्पल काढायच्या आत विचारतात, "ग्लास ब्लो केला का?"

मागच्या वेळी मी विसरलो होतो. नाही म्हटल्यावर त्यांनी माझं ताट वाढू दिलं नाही. रात्री साडेआठला परत जाऊन कुलूप उघडलं, केबल ओढली. दीड मिनिटाने खिशातला फोन थरथरला.