बारालाचाचा चढ आणि मागचा ॲक्सल

मनालीहून लेहला निघालं की बर्फाशी पहिली गाठ पूर्वी रोहतांगवर पडायची. 2020 मध्ये 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, आणि ती गाठ पुढे ढकलली गेली. सिस्सू, केलाँग, जिस्पा मागे टाकत मी भागा नदीच्या काठाने दारच्याला येतो, तेव्हा बारालाचाचा खरा चढ अजून पुढेच असतो. खिंड सुमारे 4,890 मीटरवर. मोसमाच्या सुरुवातीला सीमा रस्ते संघटनेने बर्फ कापून मोकळ्या केलेल्या या रस्त्यावर दुपारी हिमभिंतीचं पाणी ओघळतं आणि रात्री तिथेच गोठतं. म्हणून सकाळी भिंतीकडची चाकं गुळगुळीत बर्फावर, तर दरीकडची कोरड्या डांबरावर, असं वळणावळणाला घडतं. इंजिनाचा जोर ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटून देणारं डिफरन्शियल इथल्या मालट्रकला साधंच हवं, पण चालकाला हवं तेव्हा लॉक करता येणारं, असं माझं मत या रस्त्यामुळेच बनतं.

हिशेब करून पाहू. समजा 12 टनांचा ट्रक आहे आणि त्यातले 8 टन मागच्या ॲक्सलवर आहेत. कोरड्या बाजूची जोडचाकं अडीचेक टन ओढ सहज सोसतील, बर्फावरची जेमतेम 400 किलो. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, त्यामुळे धडधाकट बाजूलाही 400 किलोच मिळतात, एकूण 800. चौदात एक चढाला मात्र साडेआठशेच्या वर जोर लागतो. ट्रक जागीच, आणि एक चाक गरगर फिरतंय! लॉक केलं की दोन्ही बाजू एकत्रच फिरतात, धडधाकट बाजूची पकड कामी येते आणि तोच ट्रक निमूट चढतो.

मग आपोआप काम करणारं लिमिटेड स्लिपच का नको? मोह होतो खरा. पण त्यातल्या क्लचप्लेटा झिजतात, आणि गिअरवर चालणाऱ्या प्रकारात एक चाक अधांतरी झालं की दुसऱ्यालाही फारसं काही मिळत नाही. कायम लॉक ठेवणं तर त्याहून वाईट. रस्ता दरीकडे कललेला आणि सगळाच बर्फाळ असला, तर दोन्ही बाजू एकदम घसरतात आणि ट्रकची मागची बाजू दरीकडे सरकते. साध्यात एक बाजू फिरते, दुसरी निदान रेषा धरून राहते. कुठे काय हवं, हे समोरचा रस्ता पाहणारा चालकच ठरवू शकतो. तो लॉक काढायला विसरेल, हा आक्षेप मी मान्य करतो: कोरड्या वळणावर टायर घासतात, ॲक्सलवर ताण येतो. पण डॅशबोर्डवरचा दिवा त्यासाठीच असतो. साखळ्या पुरेत, असंही म्हणतात. साखळी पकड वाढवते, वाटून देत नाही. शिवाय बर्फ आणि डांबर आलटूनपालटून येणाऱ्या या रस्त्यावर ती दर वेळी चढवणार-उतरवणार कोण?

खिंडीपलीकडे भरतपूर, सरचूकडे उतार लागतो, आणि तिथे हा सगळा वाद निरुपयोगी. लॉक ट्रकला थांबवत नाही. उतारावर तो काढून, खालचा गिअर टाकून, ब्रेकला हलका पाय लावत जायचं.