चुन्याची निवळी

मराठी माणसाला पोवळे ठाऊक असते ते मंगळाच्या अंगठीतले. तो लाल खडा ज्या जिवाचा, त्याचे कुळ निराळे. समुद्रात खडकांच्या रांगा उभारणाऱ्या कठीण प्रवाळाचे निराळे. जुन्या पुस्तकांनी या दुसऱ्याला ‘प्रवाळकीटक’ म्हटले, तेही फसवेच. तो कीटक नव्हे. समुद्रफुलाचा भाऊबंद आहे. आपण त्याला एकदा खडा आणि एकदा किडा ठरवून मोकळे झालो. त्यामुळे त्याला जखम होते, ही साधी गोष्ट मनात येत नाही.

बर्लिनमधील एका चौथ्या मजल्यावरच्या घरात, जानेवारीतल्या एका सकाळी, अशी जखम झाली. घरधनी सत्तरी उलटलेले, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त. या शहरातील छांदिष्टांनी १९८०च्या दशकात जिवंत खडक आणि फेसाबरोबर मळ बाहेर काढणारे यंत्र यांवर खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी चालविण्याची रीत रूढ केली; तिला पुढे बर्लिनचेच नाव पडले. घरधनी त्याच वळणाचे. त्यांच्या पेटीच्या तळाशी ट्रॅकिफायलिया जातीचे, मेंदूसारख्या वळ्यांचे, मुठीएवढे प्रवाळ होते. दिवसा त्याचे मांस पाण्याने फुगते आणि खालच्या सांगाड्याच्या धारदार पात्या झाकून जातात. म्हणून ते उचलायचे तर आधी आक्रसू द्यावे, मग खालून हात घालावा. घरधन्यांना हे पाठ होते. तरी त्यांनी ते कडेला धरले. उजव्या हाताला वर्षभर कंप होता. तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. प्रवाळ निसटले, काचेवर आपटले, आणि त्याच्याच सांगाड्याची पाती आतून मांस फाडून वर आली.

पहिल्या दोन दिवसांत त्यांनी फार केले. आयोडीनच्या पाण्यात बुडविले, जागा दोनदा बदलली, अर्धे पाणी उपसले. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचे असेच होते. हातांना काम हवे असते आणि त्या कामाला तो सेवा म्हणतो. या छंदाची मार्गदर्शक पुस्तके उपकरणांविषयी जितके लिहितात त्याच्या दशांशही थांबण्याविषयी लिहीत नाहीत. तिसऱ्या दिवशी फाटलेली कड आणखी मागे सरली होती.

पत्नीने विचारले, सगळे समुद्र हल्ली पांढरे पडताहेत, तसेच का हे? प्रश्न अडाणी नव्हता. जगभरच्या प्रवाळांचे चौथे व्यापक विरंजन सुरू असल्याची घोषणा एप्रिल २०२४मध्येच झाली होती. पण ते पांढरेपण निराळे. पाणी तापले की मांसात राहून प्रवाळाला अन्न पुरविणारे सूक्ष्म शैवाल निघून जाते आणि पारदर्शक झालेल्या जिवंत मांसातून सांगाडा दिसतो. इथे मांसच नव्हते. उघड्या चुन्यावर आता शेवाळ आधी बसते की मांस आधी परतते, एवढाच प्रश्न होता. आणि जखमेवर तपकिरी, चिकट थर चढला, तर थोड्या दिवसांत सारा प्राणी विरघळून जाऊ शकतो.

फ्लोरिडात डेव्हिड व्हॉन या शास्त्रज्ञाच्या हातून २००६च्या सुमारास टाकीतले एक शिंगासारखे प्रवाळ असेच मोडले होते. तळाला चिकटून राहिलेले मोजके जीव मरण्याऐवजी झपाट्याने वाढले, आणि प्रवाळांचे बारीक तुकडे करून ते वाढविण्याची पद्धत त्यातून निघाली. घरधन्यांना ही हकिगत माहीत होती. तिने त्यांचे समाधान झाले नाही. मोडणे आणि फाटणे एक नव्हे, आणि जातही निराळी.

त्यानंतर त्यांनी हात आवरला. दिव्याचा उजेड कमी केला, पाण्याचा झोत वळविला. तापमान २५ अंश, क्षार हजारी ३५ भाग, कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास. हे आकडे हलू द्यायचे नाहीत, बस्स. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रात्रभर चुन्याची निवळी थेंबथेंब पडू लागली. आपल्याकडे पानाच्या डब्याशी नाते असलेला हा पदार्थ तिकडे सांगाडा बांधायला लागतो, आणि गाळ बसू दिल्याशिवाय तोही कामाचा नसतो.

(आपल्याकडे या छंदाला मर्यादा आहे. २००१पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातून त्यांचा तुकडाही घरी आणता येत नाही. ते योग्यच आहे.)

भरविण्याचे काम उरले. रात्री प्रवाळाच्या शाबूत बाजूचे शुंडक बाहेर येतात; तेव्हा कोळंबीचा कण लांब नळीने तोंडाशी अलगद सोडावा लागतो, जखमेला स्पर्श न होता. पहिल्या रात्री नळी काचेवर टकटक वाजली. पत्नी दारात उभी होती. तिने काही न विचारता नळी त्यांच्या हातून घेतली. किती दिवस झाले, एवढेच नंतर म्हणाली. त्यांनी खरे सांगितले. मार्चमध्ये दोघे डॉक्टरांकडे जाऊन आले.

एप्रिलअखेर पांढऱ्या रेघेच्या एका टोकाला गव्हाच्या दाण्याएवढे हिरवट मांस चढले होते. दुसऱ्या टोकाला शेवाळ आहे. ती भरविते, विजेरी ते धरतात, डाव्या हाताने.